तुला जरा जास्त घातलंय

बाटल्यांच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये बटाट्याचा रस्सा वाढायला जे काका उभे राहायचे, त्यांचा हात काटेकोर होता आणि जीभ सढळ. बावीस वर्षं हातात एकच डाव, पुढ्यात तेच पातेलं आणि समोर एकशे चाळीस माणसांची रांग. सगळे त्यांना वाढपीकाका म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकाला ठाऊक असेल.

भट्टीवाला आला की काका ताटाकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत आणि आवाज खाली आणत. "दिवसभर आगीपाशी उभा असतोस बाबा. तुला दोन फोडी जास्त घातल्यात. बोलू नकोस कुठे." पॅकिंगच्या ताई आल्या की, "या, तळातलं घट्ट तुमच्यासाठीच राखून ठेवलंय." ऑफिसातला काडीपैलवान कारकून आला की, "थांब रे, ढवळून देतो. वरचं पाणी तुझ्या काय कामाचं?" प्रत्येक जण ताट जरा अंगाशी धरूनच टेबलाकडे जायचा. शेजाऱ्याला दिसलं तर उगाच बोंबाबोंब व्हायची!

वाटपातले काही शब्द काकांनी कायमचे हद्दपार केले होते. 'एवढंच', 'पुरवून खा', 'संपत आलंय', 'माणशी एक'. "एवढंच म्हटलं ना, की पातेलंभर रस्सापण वाटीभर दिसायला लागतो," असं ते म्हणायचे. शेजारी पाव वाटणारी बाई दिवसभर "दोनच हं, दोनच" असं ओरडायची आणि तिच्यासमोर रोज तंटा व्हायचा. काकांसमोर बावीस वर्षांत एकदाही झाला नाही.

त्या थंडीत बटाटे यायचेच कमी झाले. मॅनेजर म्हणाला, "काका, जरा हात राखून. डाव पाऊणच भरा." काकांनी पाऊण भरायला सुरुवात केली आणि उरलेला पाव डाव बोलून भरून काढला. दोन महिने गेले, कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. लोक ढेकर देऊन कामावर जात होते.

घात केला तो फिटरने. हा माणूस स्वतःला काकांचा खास समजायचा. एकदा लेथपाशी तो फुशारकीने म्हणाला, "आपल्याला काका नेहमी जास्त देतात." भट्टीवाला म्हणाला, "हट्, जास्त तर मला देतात." पॅकिंगच्या ताई तिथूनच जात होत्या, त्यांनाही राहवलं नाही. आपल्याला जास्त मिळतं यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. पण दुसऱ्यालाही मिळतं म्हणजे काय! जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्ज तयार झाला, 'वाढपी ओळखीपाळखीने वाटप करतात', आणि त्यावर एक्केचाळीस सह्या पडल्या.

मॅनेजरने काकांना बोलावलं. "खरं निघालं तर डाव ठेवा आणि भांड्यांच्या हौदावर जा. मग मला काही बोलता येणार नाही."

हौदावर पगार तोच होता, पण तिथे नुसती खरकटी ताटं यायची, माणसं यायची नाहीत. काकांना माणसं लागायची.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने काहीही न सांगता रांगेतून तीस ताटं बाजूला काढली आणि पॅकिंगच्या वजनकाट्यावर चढवली. भट्टीवाल्याचं, ताईंचं, कारकुनाचं, फिटरचं. तिसाच्या तीस ताटांत रस्सा सारखा. फरक असलाच तर घोटभरसुद्धा नाही. मॅनेजरने थक्क होऊन यादी फळ्यावर लावली आणि काकांची पाठ थोपटली.

बाकी कोणीच थोपटली नाही. लोक फळ्यासमोर येत, आपलं वजन बघत, मग शेजाऱ्याचं बघत आणि तोंड पाडून परत जात. "म्हणजे माझ्या दोन फोडी?" भट्टीवाल्याने विचारलं. त्या दिवशी ते मुकाट्याने वाढत राहिले आणि नवल असं, की काल पुरलेला रस्सा आज कोणालाच पुरेना. "काका, एवढंच?" दहा जणांनी तरी विचारलं. काका निर्दोष सुटले होते आणि कामातून गेले होते.

संध्याकाळी ते बहिणीकडे गेले. त्यांना एकच ताई, नि दोन धाकटे भाऊ परगावी. सगळं ऐकून ताई पोट धरधरून हसली.

"आईचाच गुण रे! चार पोरांत एक पाव कशी वाटायची, आठवतं? पण मला मात्र ती खरंच जास्त द्यायची हं. 'तू मोठी, तुला कड देते, कोणाला सांगू नकोस' म्हणायची."

काकांचा चहाचा कप हातातच राहिला. "कड? कड तर मला द्यायची. मी अशक्त म्हणून."

एका पावाचे चार तुकडे केले की प्रत्येक तुकड्याला कड येतेच, हे त्या दोघांच्या आता लक्षात आलं. ताईचं हसू हळूहळू ओसरलं. बोलायची विद्या काकांनी आईकडूनच उचलली होती, आणि तरी आपला तुकडा तेवढा खरा मोठा होता, हे पंचावन्न वर्षं धरून चालले होते. इतक्या मोठ्या माणसाला आईवर रुसावंसं वाटलं. भट्टीवाल्याचं तोंड का पडलं, ते त्यांना तेव्हा कळलं.

"तुला कधी कमी पडलं का गं?" त्यांनी विचारलं.

ताईने विचार केला. "नाही रे. उलट वाटायचं, तुम्हा तिघांना पुरत असेल का."

दुसऱ्या दिवशी काका पातेल्यामागे उभे राहिले. आता काय बोलणार? फळ्यावर यादी तशीच होती. भट्टीवाला आला. काकांनी खाली मान घालून पाऊण डाव वाढला. भट्टीवाला हलला नाही. मागची रांग थांबली.

"काय रे? कमी आहे?"

"ते असू दे," भट्टीवाला म्हणाला. "नुसतंच काय वाढताय काका. बोला की."

काकांनी वर बघितलं. त्याच्यामागे पॅकिंगच्या ताई, त्यांच्यामागे कारकून आणि पार शेवटी, मान चुकवत उभा असलेला फिटर. सगळे कान टवकारून होते. काकांनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, पण तो जरा मोठाच निघाला.

"तुला जरा जास्त घातलंय. कोणाला सांगू नकोस."

"नाही सांगत," भट्टीवाला म्हणाला आणि ताट अंगाशी धरून टेबलाकडे गेला.