शेवंतीतलं ग्रहण आणि ह्यांची छाती

माझ्या नवऱ्याच्या छातीचे मी कात्रीनं आठ तुकडे केले, तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते.

(घाबरू नका. नवरा आहे अजून. आत्ता बाहेर बसून चहाची वाट बघतोय.)

पंचाण्णव सालची दिवाळी. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं केंदूर, सासर दौंडातलं राहू गाव. सासरी सगळे मळ्यात राबणारे आणि मी बारावी सायन्स! फिजिक्सला पस्तीस मार्क होते, पण ते कुणी विचारलं नव्हतं, मग मीही सांगितलं नाही. त्यात ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं, "गिराणात कुनी भाईर पडायचं न्हाई."

"आत्या, काही होत नाही हो! चंद्र मधे येतो, एवढंच. उद्या सगळ्यांना मळ्यातून दाखवते."

"दाखव की," सासरे म्हणाले. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. "शिकल्याली सून केलीय कशापायी?"

झालं! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ग्रहण एक्स-रेतून बघायचं, हे मला कॉलेजात कुणीतरी सांगितलं होतं. (त्यानं डोळे जाऊ शकतात हे ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी मी गैरहजर असणार.) मामा मागं बैलगाडीवरून पडले होते, तेव्हा त्यांच्या पायाचा एक्स-रे घरात असणारच. शोधलं तर कपाटामागं खाकी पाकीट मिळालं. काढला, आठ तुकडे केले, मोकळी झाले! पायात एवढ्या बरगड्या कशा, हा प्रश्न बारावी सायन्सला पडायला हवा होता. नाही पडला.

सकाळी साडेसातला घरामागं शेवंतीच्या मळ्यात ही गर्दी! थंडीनं दात वाजतायत, फुलांवरच्या दवानं पाय भिजलेत, पण कुणी हलायला तयार नाही.

"ह्यात चंद्र कुठं हाय?" मामांनी विचारलं.

"तो काळा घास दिसतोय ना, तोच चंद्र."

"त्यो व्हय! म्या म्हनलं, फोटूलाच डाग पडलाय."

तुकड्यांतही डावं-उजवं होतं. काही काळेभोर, त्यांतून सूर्य झकास दिसायचा. काही पांढुरके, त्यांतून नुसतीच तिरीप. काळ्यांसाठी ढकलाढकली सुरू झाली. आत्यासुद्धा पदर सावरत हळूच येऊन उभ्या राहिल्या. "मला बी दे गं येक. लांबनंच बघते." (सूर्य तसाही लांबच होता.)

एवढ्यात घरातून ह्यांची हाक आली, "अगं, माझा छातीचा फोटू कुठं ठिवलाय?"

आता हा फोटू काय ते सांगते. ह्यांचं कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत काम ठरत आलं होतं. कायमची नोकरी! फक्त मेडिकल राहिलं होतं. कंपनीला ना दिवाळी ना ग्रहण, तिन्ही शिफ्ट चालू. पण कंपनीचे डॉक्टर त्याच दिवशी बारा वाजता सुट्टीवर निघणार होते. बाराच्या आत छातीचा एक्स-रे घेऊन पोचलं नाही, तर जागा दुसऱ्याला. नवा काढावा तर दवाखाने दिवाळीचे बंद.

मी पळत दारात गेले. "खाकी पाकिटातला का हो?"

"मंग काय भिताडावरला?"

मी मळ्याकडं बोट केलं. आठ माणसं ह्यांच्या छातीतून सूर्य बघत होती.

 हे मटकन खाली बसले. ते बघून मला रडूच फुटलं. मग उठले आणि मळ्यात धावत सुटले.

"मावशी, माझं डावं फुफुस द्या!"

शेजारच्या शांतामावशी डोळ्यापुढचा तुकडा काढायला तयार नाहीत. "थांब की लेका! आत्ता कुठं निम्मा गिळलाय. तुझं फुफुस काय पळून चाललंय व्हय?"

"मावशी, माझी नोकरी जाईल!"

"गिराण सुटलं की देते."

पाया पडून, हिसकावून सात तुकडे जमवले. आठवा मामांच्या बंडीच्या खिशात निघाला. पुढच्या ग्रहणासाठी जपून ठेवला होता!

आता जोडायचे कसे? घरात चिकटपट्टी नाही आणि ग्रहण सुटेपर्यंत दुकानदार फळी उघडेना. मग माझं डोकं चाललं. (ते चाललं की घरादाराला धास्ती बसते, ती त्या दिवसापासून.) माझ्याकडं टिकल्यांची पाकिटं होती. मोठ्या, मरून रंगाच्या. सांध्यासांध्यावर दाबून लावल्या आणि ह्यांची छाती परत एक झाली.

निघणार, तर आत्या दारात आडव्या. "गिराण सुटल्याबिगर आन् आंघूळ केल्याबिगर पोरगं उंबरा वलांडायचं न्हाई!"

दहा वाजले. हे गार पाण्याचे दोन तांबे ओतून घेऊन तसेच मोटरसायकलवर बसले. टिकल्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून फोटो पदराखाली धरून मी मागं. दर मैलाला हे विचारायचे, "किती वाजलं?" घड्याळ त्यांच्याच हातात होतं.

पावणेबाराला पोचलो. डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"अहो, छातीत डाग आहेत. एक, दोन, तीन... चौदा डाग! आणि सगळे असे गोल?"

हे दोन्ही हातांनी आपली छाती चाचपायला लागले.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणाले, "त्या माझ्या टिकल्या आहेत."

डॉक्टरांनी एक डाग नखानं उचकटला. तो त्यांच्या बोटाला चिकटला! मग मी सगळं सांगून टाकलं, नाक पुसत पुसत. डॉक्टर टेबलावर डोकं ठेवून हसले. म्हणाले, "दोन तुकडे उलटे लागलेत, ते मी मनातल्या मनात सरळ करतो." मग ह्यांना आडवं पाडून ठोकून-ठोकून तपासलं, इंग्रजीत काहीबाही खरडलं, शिक्का मारला आणि म्हणाले, "दिवाळी झाली की हे ऑफिसात द्या."

घरी आलो तर मळ्यातली सगळी मंडळी ओट्यावर हजर. मामांनी ह्यांच्याकडून कागद घेऊन माझ्या हातात दिला. "वाच सूनबाई, मोठ्यांदी."

मी इंग्रजीचं मराठी करत वाचलं, "छाती ठणठणीत. कामावर घ्यायला हरकत नाही."

काय जिवात जीव आला म्हणून सांगू! आत्यांनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

"आन् खाली ही आनखी येक वळ हाय की," मामा वाकून बघत म्हणाले.

"ती सही आहे, मामा."

"येवढी लांब सही? वाच, वाच. लाजतीस कशाला?"

सगळे कान टवकारून बसलेले. सुटका नव्हती. मी घसा खाकरला आणि वाचलं, "मात्र ह्यापुढे कामगाराचा एक्स-रे त्याच्या पत्नीच्या हाती देऊ नये."

शिकल्याचा एवढा पश्चात्ताप मला ना त्याआधी कधी झाला, ना त्यानंतर!