सोमवारचा उपास

आमच्यात सलाम म्हणतात. नगरकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत रस्त्यात कुणी भेटलं की सलाम, पत्राच्या सुरुवातीला सलाम, पाहुणा निघाला की पुन्हा सलाम. पुढे माझे आईवडील मूळ अमेरिकेच्या एका छोट्या पंथात गेले. त्या पंथाने आमचा चहा सोडवला, कॉफी सोडवली, पण सलाम काही सुटला नाही. एकविसाव्या वर्षी त्याच पंथाने मला दोन वर्षं सेवेसाठी दुबईला पाठवलं, तेव्हा एवढ्याशा शब्दापायी माझी किती फजिती होणार आहे याची मला कल्पना नव्हती.

बाकीच्या देशांत आमची मुलं पांढरा शर्ट आणि टाय घालून दारोदार बेल वाजवत फिरतात. दुबईत तसलं काही नव्हतं. दुसऱ्या धर्माच्या माणसाशी धर्माचा विषयच काढायचा नाही, हा आमचा पहिला नियम. आम्ही फक्त आपल्या माणसांसाठी होतो. कुणी आजारी पडलं की भेटायला जायचं, कुणाचं घरी पाठवायचं पत्र लिहून द्यायचं, शुक्रवारी प्रार्थनेला सगळ्यांना गोळा करायचं. सकाळी, ज्यांनी व्हिसा दिला होता त्या गृहस्थांच्या ऑफिसात फायली लावायच्या. सोमवारी दुपारनंतर कपडे धुवायला सुट्टी. आणि कुठेही जायचं तर जोडीने. माझा जोडीदार सोलापूरचा, माझ्याहून वर्षाने मोठा. नियमांच्या बाबतीत तो फार कडक होता, जेवणाच्या बाबतीत अजिबात नाही. दुबईतल्या करामा भागात आम्ही दोघं एका खोलीत राहायचो.

निघताना आईने मला एक वही दिली होती. शंभरावर गाणी तिने स्वतःच्या हाताने उतरवून काढली होती आणि पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'माझ्या लेकराला आईचा सप्रेम सलाम.' त्याखाली मी आमच्या इमारतीतल्या बकाल्याचा, म्हणजे किराणा दुकानाचा, फोन नंबर लिहून ठेवला होता. इथवर सगळं ठीक होतं. पण वहीच्या शेवटच्या दोन पानांवर मी अकरा माणसांची नावं लिहिली होती. गवंडी, रंगारी, सळ्या बांधणारे, सगळे आपल्याकडचे. कोण मजुरांच्या कुठल्या कॅम्पात, कितव्या खोलीत, आणि कुणाच्या खोलीत आठवड्यातून एकदा सगळे मिळून प्रार्थना करतात, तेसुद्धा. त्या प्रार्थनेला कुणाची परवानगी नव्हती. "नावं डोक्यात ठेव, कागदावर नको," असं जोडीदाराने मला दोनदा बजावलं होतं. पण माझ्या डोक्यात नावं राहत नाहीत. मी त्याला न सांगता लिहून काढली.

आणि ती वही मी टॅक्सीत विसरलो. दीड तासावरच्या अल ऐनला आमचा आणखी एक माणूस पाय मोडून हॉस्पिटलात पडला होता, त्याला भेटून आम्ही शेअर टॅक्सीने परत येत होतो. गाणी म्हणून दाखवायला वही नेली होती. करामात उतरल्यावर हात रिकामा लागला, तोवर टॅक्सी निघून गेली होती.

तीन दिवस मला धड जेवण गेलं नाही. माझं काय, फार तर विमानात बसवून घरी धाडलं असतं. आई खूशच झाली असती. पण ती अकरा माणसं घरदार सोडून, एजंटला पैसे भरून आली होती. माझ्या आळसापायी त्यांची नोकरी गेली असती तर मी कुठल्या तोंडाने प्रार्थना करणार होतो? जोडीदार आपला मला समजावत होता, "अरे, गाण्याची वही ती, आई दुसरी लिहून पाठवेल." त्याला शेवटच्या पानांचं काही ठाऊक नव्हतं. माझं धाडस झालं नाही.

चौथ्या दिवशी बकालावाल्याने खालून हाक मारली. फोनवर एक दमदार आवाज होता.

"अस्सलाम अलैकुम भाई. तुमची वही आमच्याकडे आहे. मी बसलो त्या टॅक्सीत मागच्या सीटवर होती."

"सलाम, सलाम," मी सवयीने म्हणालो.

"उद्या या घरी. शारजाला, अल नहदा. चहा घ्यायला या."

दुसरा दिवस सोमवार होता. हा गृहस्थ रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा, एसी दुरुस्त करणारा, चाळिशीचा. बायको आणि शाळकरी मुलगी सोबत. दारातच मी पुन्हा सलाम केला आणि त्याने मला मिठीच मारली. वही समोर शोकेसवर, प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेली दिसत होती. मला दुसरं काही दिसेना.

भाभींनी चहा आणला. जोडीदार घाईघाईने म्हणाला, "चहा नको भाभी. आम्हांला चालत नाही."

भाईंचा चेहरा उजळला. "अरे, सोमवार ना आज! रोजा आहे?"

सोमवारी आणि गुरुवारी काही मुसलमान माणसं आपखुशीने रोजा धरतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी माझी मान हलली. ती होकारार्थी हलली की नकारार्थी, हे माझं मलाच कळलं नाही. त्यांनी होकारार्थी धरली.

"माशाल्ला! या उमरमध्ये! आता मगरिबला इथेच खोलायचा रोजा. असं सोडणार नाही." मग आत वळून, "यल्ला, काहीतरी चांगलं कर गं!"

साडेचार वाजले होते. सूर्य मावळायला चांगला दीड तास होता. आतून सुरमई तळल्याचा वास यायला लागला आणि जोडीदार माझ्याकडे असं बघू लागला की मी नजर फिरवली. आम्ही दुपारी कपडे धुण्याच्या नादात जेवलो नव्हतो. मुलगी दप्तर घेऊन आली, आम्हांला न्याहाळून म्हणाली, "पप्पा, आर दे फास्टिंग? इट्स नॉट ईव्हन रमजान!"

"बघ, शिक काहीतरी," भाई तिला म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं बोलावं, तर धर्माचा विषय निघणार. गप्प बसावं, तर मी माझाच धर्म लपवतोय. शिवाय भाई बिघडले तर ती वही आणि ती अकरा नावं त्यांच्याच हातात. दीड तास मी याच हिशेबात बसलो. शेवटी ताटात खजूर आले, भाई उठले आणि म्हणाले, "चला, नमाजाआधी हातपाय धुऊन वुझू करून घ्या."

"भाई, माफ करा," मी उभा राहिलो. "आमचा रोजा नाही. आम्ही ख्रिश्चन आहोत. आमच्यात चहा चालत नाही, एवढंच."

भाई वळले. "मग तो सलाम?"

"आमच्यातपण म्हणतात."

"ख्रिश्चन आहेत ते मला माहीत होतं," भाभी आतून येत म्हणाल्या. त्या मराठी शाळेत शिकलेल्या, भाई उर्दू शाळेतले. "मी वही वाचली ना."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, यांच्यातपण सोमवार करतात. गावाला आपल्या शेजारच्या काकू नव्हत्या करत?" मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे पोरांना उगीच उपाशी बसवलंत?"

भाईंना असं हसू फुटलं की ते सोफ्यावर बसलेच. "खलास! बसा, खा. मी नमाज पढून येतो." आम्ही त्यांच्यासाठी थांबायला तयार होतो, पण भाभींनी ऐकलं नाही. जोडीदाराने तांदळाच्या पाच भाकऱ्या खाल्ल्या.

तो हात धुवायला गेला तेव्हा भाभींनी मला वही दिली. मी आधी शेवट उघडायला गेलो, तर उघडेना. शेवटची दोन पानं एकमेकांवर ठेवून तिन्ही कडांनी शिवलेली होती.

"मागे नावं होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घरात ह्यांचे दोस्त येतात, पोरीच्या मैत्रिणी येतात. कुणाच्या नजरेला नको पडायला. आणली त्याच दिवशी मशीनवर टीप मारली." मला रडू आलं. मी त्यांच्यासमोरच रडलो, आणि त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

बसमध्ये मी जोडीदाराला सगळं सांगितलं. त्याने ती टीप बोटाने चाचपून पाहिली. तो ओरडेल असं वाटलं होतं. "आता पाठ कर," एवढंच तो म्हणाला.

मी पाठ केली. त्या शुक्रवारी अकराच्या अकरा जण आले. मी प्रत्येकाला नावाने सलाम केला आणि एकही नाव चुकलं नाही. गाणं शोधताना एक रंगारी वहीची मागची बाजू उलटून बघत म्हणाला, "हे शिवलंय काय? आत काय आहे?"

"तुम्हीच आहात," मी म्हणालो.

तो हसला, आणि पुढच्या गाण्याचं पान काढू लागला.