मशीनच्या डोळ्यावर कुंकू

माझं पहिलं मशीन साबणाच्या वड्या उचलून खोक्यात ठेवायचं. गुरुग्रामच्या, मशीनं बनवून विकणाऱ्या एका लहान कारखान्यात मी त्याचा प्रोग्राम लिहिला होता, आणि साहेबांनी बजावलं होतं, "ट्रायल पास, तो आप पक्की. वरना देखेंगे." प्रोग्रामिंगला मुलगी कशाला, असं म्हणणारे दोघे-तिघे तिथे होतेच. त्यामुळे त्या 'देखेंगे'चा अर्थ मला बरोबर कळत होता.

ट्रायल नेमकी खंडेनवमीला आली. आम्ही दिल्लीतल्या द्वारकेत राहायचो, पण आईचं पंचांग पुण्याचं. तिने हळद-कुंकवाची डबी माझ्या पर्समध्ये टाकली. "आज औजारं पुजायची. विळीची मी केली, तुझ्या मशीनची तू कर."

कारखान्यातले साठीचे फिटर हरियाणाचे. ते म्हणाले, "मॅडम, हमारे यहाँ तो विश्वकर्मा पूजा होती है, दिवाली के बाद."

"चाचाजी, तब तक मशीन यूँ ही बैठी रहेगी क्या?" म्हणत मी कुंकू ओलं केलं आणि जिथे बोट पोचलं तिथे टिळे लावले. मला कमी काही करता येत नाही.

मशीन सुरू केलं की त्याचा हात आधी हळूहळू मागे सरकायचा. तिथे नखाएवढा एक डोळा, म्हणजे सेन्सर, होता. हातावरची पट्टी त्याला दिसली की कंट्रोलरला खूण मिळायची: हे शून्य. पुढची सगळी मापं तिथून. त्या दिवशी हात मागे गेला, शून्य ओलांडून टोकाला पोचला आणि एरर देऊन थांबला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

माझं धाबं दणाणलं. आदल्या दिवशीच मी हात मागे नेण्याचा वेग बदलला होता, म्हणजे चूक माझ्याच ओळींत. वेग कमी केला, वाढवला, जुना प्रोग्राम परत घातला. खूण येते का हे दाखवणारा दिवा कंट्रोलरवर असतो, तो आधी बघायचा, हा पहिला धडा. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अकरा वाजता मशीन घेणारं गिऱ्हाईक ट्रायल बघायला आलं, तेव्हा मी रडायच्या बेतात होते.

चाचाजींनी खिशातून फडकं काढलं, खाली वाकले आणि डोळा पुसला. फडक्यावर लालभडक डाग. हात मागे गेला आणि शून्यावर टक्कन थांबला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"क्या था?" साहेबांनी विचारलं.

"धूल थी, साहब," चाचाजी म्हणाले.

मला बरं वाटलं आणि लगेच लाजही वाटली. "धूल नहीं, सर. कुंकू था. मैंने लगाया था." गिऱ्हाईक आधी खो खो हसलं, मग साहेबही. हजार वड्या एकही न पाडता खोक्यांत गेल्या, आणि मी पक्की झाले.

दिवाळीनंतर विश्वकर्मा पूजा आली. सगळा कारखाना जमला होता; माझं मशीन गिऱ्हाईकाकडे जायचं अजून बाकी होतं. चाचाजींनी कुंकवाची वाटी माझ्याच हातात दिली, स्वतः मशीनपाशी बसले आणि त्या डोळ्यावर आपला तळहात घट्ट धरला.

"अब लगाइए, मॅडम. जहाँ जी चाहे."

मी पहिला टिळा त्यांच्या हाताला लावला.