विमानात घातलेलं गाऱ्हाणं

माझी शाळा चौथीत सुटली. माझे व्याही मालवणचे निवृत्त हेडमास्तर. हा फरक त्यांनी मला कधी विसरू दिला नाही. पण नातवंडं माझ्या घराण्याची, आणि देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे देवाकडे मागणं मागायचा मान माझा. तो काही शाळेत मिळत नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मुलगा आणि सून लंडनला. त्या वर्षी दोन्ही मुलं सुट्टीत इकडे राहिली. नातू सहा वर्षांचा, नात चारची. आधी जामसंड्याला आमच्याकडे, मग मालवणला. आईबाप आधीच परत गेलेले. मुलांना पोचवायला मुलाने दोन्ही आजोबांची तिकिटं काढली.

तळेऱ्याला आम्ही एकत्र आलो, मुंबईची गाडी पकडायला. तिथे चार माणसांसमोर व्याही मला म्हणाले, "व्याही, तुम्ही सामानाकडे बघा. विमानात मुलांना शिस्त लागते. ते माझं काम." आणि मुलांच्या पिशव्या माझ्या हातात दिल्या. स्टॅंडवरचे दोघेतिघे हसले. मी पिशव्या खांद्याला लावल्या. पण तेव्हाच ठरवलं, ही मुलं माझ्याच मांडीवर बसून लंडनला उतरतील, आणि ती तिथे बसवायला हेच मला बोलावतील.

विमानात तीन खुर्च्यांवर ते आणि मुलं. मी मागच्या ओळीत. विमान वाटेत आखातात थांबणार होतं, म्हणून आजूबाजूला सगळी कामावर चाललेली आपलीच माणसं. बाजूला वेंगुर्ल्याचा एक सुतार होता. त्याने विचारलं, "आजोबा, नातवंडां तुमची मा? मग हय काय करतास?"

"वाट बघतंय," मी म्हटलं.

विमान सुटायच्या आधी विमानातल्या बाईने गोळ्यांचं ताट फिरवलं. व्याह्यांनी मुलांच्या हातातल्या गोळ्या परत ठेवायला लावल्या. दात किडतात म्हणे. विमान वर चढलं तसे मुलांच्या कानांना दडे बसले आणि नातीने गळा काढला. त्यावर त्यांनी पाढे सुरू केले. तेराच्या पाढ्यात नातू रडला. मग श्लोक झाले, मग देशांच्या राजधान्या. नातीने चप्पल काढून पुढच्या माणसाच्या टकलावर मारली. व्याही उठून इंग्रजीत माफी मागत होते आणि मी खिशातली आमसुलं चाचपत होतो. रडू दे, म्हटलं. यांच्या शिस्तीचा आवाज सगळ्या विमानाला ऐकू दे.

आखात जवळ यायला लागलं तेव्हा ते मागे वळले. केस विस्कटलेले, शर्टावर सरबत सांडलेलं. म्हणाले, "जरा बघा हो यांच्याकडे."

"खयसून बघू? सामानवाल्याची जागा मागे आसा."

त्यांनी खुर्चीचा पट्टा सोडला. मग उठले आणि म्हणाले, "इथे येऊन बसा."

मी बसलो, ते माझ्या जागी मागे गेले. दोघांच्या तोंडात एकेक आमसूल दिलं. आंबट चोखता चोखता त्यांचे कान सुटले. नातीला मांडीवर घेतलं, हात जोडले आणि देवळात घालतो तसं खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. मुलांना ते ठाऊक होतं.

"बा देवा महाराजा, ही पोरां इमानात बसून आईबापाकडे चललीत, त्यांका सुखरूप पोचव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" मुलं ओरडली. मागून सुतारही ओरडला. पुढच्या वाक्याला सगळी ओळ ओरडली. काय होतंय ते बघायला विमानातली बाई धावत आली. मुलं हसून लोळायला लागली. मी पायलटसाठी मागितलं, इंजिनासाठी मागितलं, त्या टकलूच्या डोक्यासाठीही मागितलं. शेवटी मागे न बघता म्हटलं, "आणि ज्या कोणी नातवांका आज्यापासून तोडल्यान, त्येच्या तोंडाक एक घास गोड लागाक देऊ नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

आखाताला ती माणसं उतरली आणि व्याही पुढे येऊन नातीच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. पुढच्या प्रवासात जेवण आलं. व्याह्यांनी झाकण काढलं, एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मी माझं ताट पुसून खाल्लं आणि त्यांचा केकही मागून घेतला.

उतरायच्या सुमारास त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "व्याही, ते शेवटचं तेवढं मागे घ्या."

"हेडमास्तरांका ह्या खरा वाटता?"

"वाटत नाही. तरी घ्या."

मी सांगितलं, गाऱ्हाणं असं वाऱ्यावर मागे घेता येत नाही. गावी गेल्यावर नारळ घेऊन देवळात या आणि तळेऱ्याला बोललात ते चुकलं, असं चार माणसांसमोर म्हणा. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. नात माझ्या एका मांडीवर घोरत होती, नातू दुसऱ्या मांडीवर डोकं टेकून. लंडनला ती तशीच उतरली.

नारळ काही आजपर्यंत आला नाही. अलीकडे त्यांना जेवण जात नाही, असं सून फोनवर सांगत होती. डॉक्टर म्हणतात, वयाने होतं. असेलही. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे आणि मला अजून बांगड्याची कढी दोनदा लागते.