अर्थिंगचं पाणी

जुन्या हुबळीतल्या आमच्या घराच्या परसात, कढीपत्त्याच्या बुडाशी, अर्थिंगचा खड्डा आहे. मीठ-कोळसा भरून मधे लोखंडी पाइप पुरलेला. अप्पा रोज देवपूजा आटोपली की त्यात तांब्याभर पाणी ओतायचे. आठवड्यातनं एकदा नळ येणाऱ्या गावात ही चैन आईला पटायची नाही. "पाइपाला कोंब फुटणाराय वाटतं," ती म्हणायची. अप्पा नुसते हसायचे. मलाही तो त्यांचा एक छंदच वाटायचा.

खड्ड्यातली तार स्वयंपाकघरात, आईच्या फ्रिजपर्यंत जायची. फ्रिज मामानं, तिच्या थोरल्या भावानं घेऊन दिलेला. जाड पत्र्याचा, सुरू झाला की शेजारची भांडी वाजवणारा. मामा गेला, फ्रिज राहिला. तो मोडीत काढायचा विषय निघाला की आई दिवसभर अबोला धरायची.

गेल्या वर्षी अप्पा गेले. दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी आई उशाशी बसली होती. त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अर्थिंगला पाणी घातलीस काय?" आई तोंड फिरवून बसली. त्यानंतर ते बोललेच नाहीत.

ते तिच्या फार जिव्हारी लागलं. "एवढा संसार केला, आणि जाताना आठवण कुणाची, तर त्या खड्ड्याची," असं ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. मी पाणी घालायला निघालो तर तांब्या हिसकावून घेतला. "घालायचं नाही म्हटलं की!" तिच्यापुढं आमच्या घरात कुणाचं चाललंय? खड्डा कोरडा ठणठणीत पडला.

उन्हाळ्यात एका सकाळी आंघोळ करून, ओल्या पायांनीच, ती नैवेद्याचं दही काढायला गेली आणि किंचाळली. हाताला झिणझिण्या, दही फरशीवर. मी कमरीपेठेतून आमचा नेहमीचा वायरमन आणला. त्यानं फ्रिजला टेस्टर लावला, मग परसात जाऊन खड्डा बघून आला.

"अक्का, फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरायलाय. आजचं नव्हे, लई वर्षांचं हाय हे. खड्डा ओला असला की करंट जमिनीत जातोय, वाळला की हात लावणाऱ्याच्या अंगात. यजमानांना तवाच सांगितलो होतो, फ्रिज बदला म्हणून. ते म्हणाले, तिच्या अण्णानं दिलेला हाय, ती सोडायची नाही. मी रोज पाणी घालतो, तेवढं तिला सांगू नको, भिईल."

त्यानं फ्रिजची पिन काढली आणि तो गेला. आई बराच वेळ फ्रिजच्या दारावर हात ठेवून उभी राहिली. मग तांब्या भरून परसात गेली. ओतलेलं पाणी खड्ड्यानं गटकन पिऊन टाकलं. ती परत भरायला आली.

"आई, फ्रिज बंद केलाय. आता पाणी नको," मी म्हटलं.

"असू दे." तिनं पुन्हा तांब्या ओतला आणि तिथंच खाली बसली. "माझंच विचारत होते की रे ते. आणि मी उत्तरसुद्धा दिलं नाही."