करीमभाईंचा रुमाल

९ जून १९४१, सोमवार, सकाळचे साडेदहा. जवळा बाजारच्या शाळेत चौदा वर्षांच्या सखूने पाटी भिंतीवर फेकली आणि हेडमास्तरांनी तिचे नाव पटावरून काढले. सखूला जन्मापासून ऐकू येत नाही. खुणा बंद केल्या की मूल ओठांनी बोलू लागते, असे माझ्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर सांगत. म्हणून मी, तिच्या बाईंनी, तासभर तिचे हात बांधले होते. सोडताच पाटी गेली. शिक्षा मात्र तिला झाली.

करीमभाईंची ओळख त्याच आठवड्याच्या बाजारात झाली. ते बैलांचे दलाल. सखूचे वडील गोऱ्हा विकत होते आणि सखू चिंचेखाली स्वतःचे मनगट चावत बसली होती.

"बाई, पोरीचे हात तुमी काहून बांधले?" भाईंनी विचारले.

"तिने बोलावे म्हणून."

"माझे बांधले तर मी बी मुकाच."

बैलांचा भाव तोंडाने सांगत नाहीत. शेजाऱ्याला कळू नये म्हणून रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबतात. भाईंनी तो रुमाल सखूच्या हातावर टाकला. एकदा दाबून बैल दाखवला, दोनदा दाबून पाणी.

"भाई, मुकीशी काय सौदा करून राहिले?" कोणीतरी हसले.

"तुझ्यापेक्षा बराबर बोलती ती."

उन्हे कलली होती. धुळीतून येणारी घुंगरे पाण्याखाली वाजावीत तशी वाटत होती. सखूने भाईंचे बोट दोनदा दाबले. वडिलांनी तांब्या दिला. ती पाणी प्यायली आणि कितीतरी वेळ रुमालाकडे बघत राहिली, जणू त्याखाली एखादे गाव वसले होते.

पुढे दर बाजारी दोघांनी नवे शब्द केले. राग म्हणजे मूठ, भीती म्हणजे नखाचा हलका ओरखडा. एकदा सखूने माझा हात रुमालाखाली ओढला. मूठ. ओरखडा. मग माझ्या मनगटाभोवती तिच्या बोटांची घट्ट कडी. मी तिची माफी मागितली. भाईंनी ती बोटांनी पोचवली.

आज, इतक्या वर्षांनंतर, सखू त्याच चिंचेखाली तीन बहिऱ्या मुलांना शिकवते. वाढत्या वयाची, चिडून डोके आपटणारी मुले. त्यांच्यासाठी भाईंनी शाळेची रिकामी खोली मागितली. "हातवारे म्हणजे शिक्षण नव्हे," असे शाळा समितीने तोंडी कळवले. तीच समिती आता भाईंच्या साठीचा सत्कार करत आहे.

त्यांचे गुडघे, डोळे आणि दहाही बोटे शंभरीपर्यंत शाबूत राहोत. शाल घालताना अध्यक्षांनी त्यांचा हात धरून पाहावा. भाई बोटांनी खोलीबद्दलच विचारतील. मी निवृत्त आहे, रिकामी आहे आणि व्यासपीठासमोरच बसणार आहे. खोली देणार की नाही, याचे समितीचे लेखी उत्तर मला सत्काराच्या आदल्या सोमवारी सायंकाळी पाचच्या आत मिळावे.