तळव्याला कळलेलं कापड

डोळे मिटून कापड ओळखणं हा माझा जुना तोरा. तासगावात तीस वर्षं ब्लाउज शिवले. गिऱ्हाइकाच्या पिशवीत नुसतं बोट घातलं तरी वायल की टेरिकॉट ते सांगायची.

मधुमेहानं पाय बधिर झाले, ते मात्र कळलंच नाही. मोटरच्या मशीनवर बाही लावत होते. मला वाटलं पाय उचललाय, पण तो पायडलवर दाबलेलाच होता. सुई हाताच्या बोटाच्या नखातून आरपार गेली. आमचे हे म्हणाले, "पायाला कळाय लागंस्तवर मशीनला हात लावायचा न्हाई." मला इतका राग आला की दोन दिवस बोलले नाही. शिवण सोडून मी घरात करणार काय?

सांगलीच्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं सांगितलं, साखर सांभाळा, अनवाणी फिरू नका, तळवे रोज बघा. आणि तळव्यांवरून हलक्या हातानं वेगवेगळ्या वस्तू फिरवून घ्या, डोळे मिटून ओळखा. "गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण आहे ते जागं ठेवू," म्हणाली. माझ्याकडे कापडाच्या कातरणांचं गाठोडंच होतं.

रोज संध्याकाळी मी खाटेवर पाय सोडून बसायची आणि हे खाली बसून एकेक तुकडा तळव्यावरून फिरवायचे. घोंगडी, खण, वेलवेट. पहिल्या आठवड्यात माझी सगळी उत्तरं बरोबर आली. हे खूश झाले. मला लाज वाटली.

"आवं, फसवतीया मी तुमास्नी," शेवटी सांगून टाकलं. घोंगडी घासल्याचा आवाज यायचा, वेलवेटला डांबरगोळ्यांचा वास होता. तळवा बिचारा गप्पच होता.

ह्यांनी सगळे तुकडे धुऊन काढले आणि टीव्हीचा आवाज मोठा केला. मग माझी फजिती सुरू झाली. एकदा मी ठासून म्हटलं, "वेलवेट." हे म्हणाले, "अगं, अजून काय लावलंच न्हाई."

असे चार महिने गेले. कधी मुंग्या यायच्या, कधी नुसतं लाकूड. बेदाण्याचा हंगाम सुरू झाला त्या सुमारास एका संध्याकाळी डाव्या तळव्याला काहीतरी खरखरीत लागलं. घोंगडी म्हणणार होते, पण थांबले. ते उबदार होतं.

"हे कापड न्हाई. तुमचा हात हाय. अंगठ्याच्या बुडाला घट्टा पडलाय बगा."

ह्यांनी टीव्ही बंद केला आणि जरा वेळानं डोळे पुसले. मी पुसले नाहीत, मला हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मशीनवर बसले. उजव्या पायाचा अंगठा अजून बधिरच आहे, म्हणून डावा पाय लावला. चिंधीवर सात टाके घालायचे ठरवले आणि सातव्याला पाय उचलला. मशीन सातव्यालाच थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा थांबलं. हे जवळ येऊन वाकून बघत होते.

मी म्हटलं, "सरका तिकडं, उजेड अडवताय."